माझं इंजिन कोणी उघडलं?

आमच्या घरात राग सगळ्यांनाच आहे, फक्त तो निघण्याच्या वाटा वेगळ्या. वडिलांचा नाकावर असायचा. आईचा भांड्यांवर निघतो. माझा तोंडावाटे बाहेर पडतो आणि पाच मिनिटांत संपतो, त्यामुळे लोक मला फारसं मनावर घेत नाहीत. ताईचा राग मात्र हातात उतरतो. ती चिडली की बोलत नाही, काहीतरी घासायला घेते. तिचा घटस्फोट ठरला त्या दिवशी तिने आईकडचे सगळे नळ असे घासले की शेजारणीने विचारलं, नवीन बसवलेत का.

घासणं हा तिचा धंदाही आहे. बँडची पितळी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं पोचे काढते. कोणाच्या हातून ट्रंपेट पडतं, कोणी मोठ्या हॉर्नवर बसतं, तर कोणाचं पोर ट्रॉम्बोनने चेंडू मारतं. ते सगळं ताईच्या टेबलावर येतं. आतून पोलादी गोळा फिरवून ती पोचा उचलते, मग कानस, मग बारीक पॉलिश पेपर, मग बफ. शेवटी डोळे मिटून बोट फिरवते आणि म्हणते, "अजून आहे." मला तिथे काही दिसत नाही, लागतही नाही. पण तिने "अजून आहे" म्हटलं की ते असतंच, याबद्दल कारखान्यात कोणी वाद घालत नाही.

कारखान्याबाहेर मात्र घालतात. त्यातला सगळ्यात मोठा तिचा नवरा. माजी नवरा. मी त्याला पूर्वी भावोजी म्हणायचो, आता रेसर म्हणतो, आणि तेही घरात लहान मुलं असतील तेव्हाच. फरशांचं दुकान आहे त्याचं. त्याने हौसेने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल, बसकी, दोनच सीटची. तिच्यात माणूस बसत नाही, पडतो. दर रविवारी ताईने ती घासायची, बंपर, चाकांच्या तारा, आरशांच्या कडा, सगळं. चालवायची मात्र त्याने. ताईकडे लायसन्स होतं, पण "क्लच नाजूक आहे" म्हणून चौदा वर्षांत एकदाही तिच्या हातात चावी आली नाही. नाजूक क्लच! दुकानात फरशांचे खोके आपटत टाकणाऱ्या माणसाच्या तोंडी हा शब्द शोभतो का?

एकदा दोघं लांब कुठेतरी निघाली होती. चढ लागला. ताईला दिसलं की तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर आलाय. ती म्हणाली, "अहो, काटा बघा. गाडी थांबवा." तो म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं?" चार किलोमीटरवर इंजिनातून हातोडा मारल्यासारखा आवाज आला, आणि मग इंजिन जे जाम झालं ते झालं. त्यानंतर हा गृहस्थ चारचौघांत सांगत सुटला की बायको शेजारी बसून सारखी बडबडत होती, म्हणून काट्याकडे लक्ष गेलं नाही. हे माझ्या कानावर आलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला फोनवर काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ताईने फक्त एवढंच म्हटलं, "सांगू दे त्याला. मला माहितेय ना."

गाडी त्याच्या दुकानामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली तीन वर्षं पडून राहिली. त्या तीन वर्षांत लग्नही मोडलं. मूलबाळ नव्हतं, म्हणून लोक म्हणाले, बरं झालं, सुटका सोपी झाली. लोकांच्या बापाचं काय जातं बोलायला.

वकिलाच्या ऑफिसात कागद व्हायचे होते. ताईने काही मागितलं नाही, फक्त गाडी मागितली. रेसर खदखदून हसला. "बंद गाडी? काय करणार? घासत बसणार?" मग त्याला सुचलं. म्हणाला, "ने की. पण चालवत न्यायची. ओढून नाही, उचलून नाही. एक वर्ष शेड वापर. वर्षात स्वतःच्या इंजिनावर बाहेर पडली तर तुझी, नाहीतर भंगारवाल्याची." मी खुर्चीतून उठलोच होतो. ताईने टेबलाखालून माझ्या नडगीवर अशी लाथ मारली की मी परत बसलो. तिने पेन मागितलं आणि सही केली.

मी बस डेपोत टाइमकीपर आहे. कोणती बस किती वाजता सुटली, किती वाजता आली, हे लिहिणं आणि उशीर झाला की ओरडणं, एवढं माझं काम. डेपोत इंजिनातला देव म्हणावा असा एक हेडमिस्त्री आहे. बाहेर पडल्या पडल्या मी म्हटलं, "ताई, काळजी सोड. मिस्त्रीला आणतो. महिन्यात उभी करेल."

"नको," ती म्हणाली. "इंजिन त्याने बंद पाडलंय, मी चालू करणार. मध्ये तिसरं कोणी नको. तूसुद्धा नकोस. जड असेल तिथे ओढायला ये, एवढंच."

"अगं, पण तुला येतं का त्यातलं काही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. आपण काय बोललो ते माझ्या तेव्हाही लक्षात आलं नाही.

तिने पान्यांचा एक संच घेतला आणि त्या मॉडेलचं जाडजूड पुस्तक मिळवलं. पुस्तक परक्या भाषेतलं, म्हणून शेजारी डिक्शनरी. सुट्टीचे सगळे दिवस आणि कामावरून सुटल्यावरचे दोन तास, असा वर्षभराचा हिशेब तिने मनाशी बांधला. शेडच्या तुळईला साखळीची पुली अडकवून आम्ही इंजिन बाहेर काढलं, म्हणजे साखळी मी ओढली. बोल्ट सोडताना तिचं पहिलं वाक्य असायचं, "हा कुठला होता?" मग तो बोल्ट माऊथपीसच्या रिकाम्या पाकिटात जायचा, पाकिटावर नंबर यायचा, नंबर वहीत चढायचा. एवढी शिस्त! मी मनात म्हटलं, चूक व्हायला जागाच नाही. आणि नेमकी तिथेच झाली.

इंजिनात चार रॉड असतात. वर पिस्टन, खाली क्रँक नावाचा जाड वाकडातिकडा दांडा, आणि दोघांना जोडणारा हा रॉड. रॉडचं खालचं टोक क्रँकला कड्यासारखं धरून बसतं. ते कडं दोन अर्ध्यांचं असतं. वरचा अर्धा रॉडलाच जोडलेला, खालचा अर्धा सुटा, दोन बोल्टांनी आवळायचा. त्या सुट्या अर्ध्याला कॅप म्हणतात. कारखान्यात कॅप लावूनच आतलं भोक कापतात, त्यामुळे ज्या रॉडची जी कॅप, ती त्यालाच बसते. दुसऱ्याची लावली तर भोक केसभर वाकडं होतं आणि इंजिन पुन्हा जाम होतं. कधी रॉड मोडून इंजिनाच्या पोटातून बाहेरही येतो. म्हणून प्रत्येक जोडीवर टोच्याने खुणा केलेल्या असतात, एक ठिपका, दोन, तीन, चार. हे सगळं आज मला पाठ आहे. तेव्हा मला नव्हतं, आणि तिचं पुस्तक वाचणं त्या पानापर्यंत पोचलेलं नव्हतं.

एका रविवारी मी गेलो तर टेबलावर फडकं अंथरून त्यावर आठ चकचकीत तुकडे मांडले होते. आरसे नुसते. ताईच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी समाधान दिसत होतं.

"बघ," ती म्हणाली, "कोणा गाढवाने ठोकून ठोकून खड्डे पाडून ठेवले होते प्रत्येकावर. सगळे काढले. एक तर जळून निळा पडला होता, तोही साफ केला. आहे का कुठे काही? फिरव बोट."

मी बोट फिरवलं. काही नव्हतं. मी म्हटलं, "वा! कंपनीनेसुद्धा असे केले नसतील." हे मी म्हटलं, मी. अक्कल पाजळायची एकही संधी मी सोडत नाही.

चार दिवसांनी डेपोत फोन आला. तिचा आवाज अगदी सपाट होता. "छोट्या, ते खड्डे नव्हते." मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, पण तिच्यासाठी छोट्याच. "मग काय होतं?" मी विचारलं. "खुणा होत्या. मी सव्वीस वर्षांच्या सवयीने पुसल्या." आणि तिने फोन ठेवला. मी सुटल्यावर शेडवर गेलो तेव्हा ती गुडघ्यांवर बसून सिमेंटची जमीन ब्रशने घासत होती. अर्धी शेड पांढरी झाली होती, अर्धी काळीच होती. मी दुसरा ब्रश घेतला आणि दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी क्रँक घासून घ्यायला न्यायचा होता. त्याला चरे पडले होते, आणि ते काम घरी होण्यासारखं नव्हतं, त्याला मशीनच लागतं. जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही तो रॉडसकट बसमधून नेला. कंडक्टर माझा ओळखीचा, तरी म्हणाला, "साहेब, पेशंटला झोपवा तरी नीट." ग्राइंडिंगवाला मात्र विनोदी नव्हता. त्याने क्रँक पाहिला, रॉड पाहिले आणि मला विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी," ताई म्हणाली.

तो माझ्याकडे बघूनच बोलत राहिला. "ह्यांना सांगा, हे चारही गेले आता. नवीन शोधा. आणि ह्या गाडीचे मिळायचे नाहीत."

"ह्यांना कान आहेत," मी ओरडलो. "ह्यांच्याशी बोला!"

त्याने मान डोलावली आणि पुन्हा माझ्याशीच बोलू लागला. क्रँकचं माप किती उतरवायचं ते मला, बेअरिंग कोणत्या मापाचं घ्यायचं ते मला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ताई शेजारी उभी राहून वहीत सगळं लिहून घेत होती. एकदाच तिने मध्ये विचारलं, "भोक कापताना कॅप लावलेलीच असते ना?" तो मला म्हणाला, "हो." मी त्या माणसाचा गळा धरायचा बाकी होतो.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "आतली बाजू मी पॉलिश केलेली नाही. फक्त बाहेरची."

"मग?"

"मग काय? सांधा आतून कळेल."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ वाजता ती बसली. पहिला रॉड शिकंज्यात धरला, त्याला पहिली कॅप लावली, बोल्ट पुस्तकात दिलेल्या जोराने आवळले, आणि भोकात बोट घालून डोळे मिटले. जिथे दोन अर्धे मिळतात तिथून बोट पुढे नेलं, मागे आणलं. "पायरी आहे." सोडली. दुसरी कॅप. "आहे." तिसरी. मीही बोट घालून पाहिलं. मला सगळं सारखंच गुळगुळीत. चार रॉड, चार कॅप, सोळा जोड्या होतात. तिने सोळाच्या सोळा लावून पाहिल्या. पहिल्या रॉडची जोडी सापडली तरी तिने उरलेल्या कॅपांनाही तो लावून पाहिला, म्हणाली, "एकदा आळस केला तो पुरे." दुपारी चारला चार जोड्या चार फडक्यांवर होत्या. कोणता रॉड कोणत्या सिलिंडरला जायचा याने फारसं अडणार नव्हतं. कोणती कॅप कोणाची, यानेच सगळं अडलं होतं.

मग तिने टोच्या आणि हातोडी घेतली. इथे मला एक सांगायचंय. धातूवर मुद्दाम घाव घालायचा, हे या बाईने आयुष्यात केलेलं नाही. हातोडी वर जायची आणि तिथेच थांबायची. मी म्हटलं, "दे, मी मारतो." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो. रॉडवर आणि कॅपवर मिळून वीस ठिपके. शेवटचा मारल्यावर ती म्हणाली, "आता कोणी पुसून दाखवावं." पुसणारी तीच होती, हे बोलायची माझी हिंमत झाली नाही.

ग्राइंडिंगवाल्याने चारही जोड्या आपल्या घड्याळी मापकावर लावून पाहिल्या. दोनदा पाहिल्या. मग मला म्हणाला, "जमलंय. कुठे मशीनवर बघून घेतलंत?" मी ताईच्या बोटाकडे हात दाखवला. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

इथपर्यंत माझा राग सगळा दुसऱ्यांवर होता आणि मला तो परवडत होता. आता माझ्या करणीकडे येतो.

मुदत संपायला सतरा दिवस उरले होते. खालचा भाग जोडून झाला होता, तेलाचं भांडं बसलं होतं, वरचं हेडही बसलं होतं. इंजिन लाकडी घोड्यावर तयार उभं होतं. पण ग्राइंडिंगवाल्याने मापलं होतं ते सुटं. आत क्रँकवर बसवताना हिच्या हातून काही राहिलं असेल तर? आयुष्यात पहिल्यांदा इंजिन उघडणारी बाई, परक्या भाषेतलं पुस्तक. रॉड बाहेर आला तर गाडी गेली, वर्ष गेलं, आणि तो रेसर सगळ्या गावभर हसत फिरणार. तिचं हसं होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. ती कामावर असताना एका मंगळवारी मी रजा टाकली आणि हेडमिस्त्रीला शेडवर घेऊन गेलो. दुसरी किल्ली माझ्याकडे होतीच.

मिस्त्रीने इंजिन उलटं केलं, तेलाचं भांडं उतरवलं, दोन कॅप सोडून फट मापली, परत आवळल्या. बाकीच्यांना हात लावून हलवून पाहिलं. म्हणाला, "साहेब, कोणी जोडलंय? एक नंबर. मला करायला काही ठेवलेलंच नाही." त्याने सगळं जसंच्या तसं बंद केलं. मी त्याला चहा पाजला आणि हलक्या मनाने घरी आलो. ताईला सांगायचं नाही, असं ठरवलं.

संध्याकाळी सात वाजता ती माझ्या दारात उभी. ओरडली नाही. हातात एक बोल्ट होता.

"माझं इंजिन कोणी उघडलं?"

मी म्हटलं, "कुठे काय?" इतकं मूर्ख उत्तर मी शाळेतही दिलं नसेल.

"ह्याच्या डोक्यावर पान्याचा ओरखडा आहे. मी कापड लावून आवळते. कोणी उघडलं?"

मग मी सगळं सांगितलं. काळजी वाटली, हसं होईल म्हणून, वगैरे. आणि मोठी खुशखबर द्यावी तसं म्हटलं, "अगं, पण ऐक तर! मिस्त्री म्हणाला, सगळं बरोबर आहे. एक नंबर आहे!"

"बरोबर आहे ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "आता ते त्याने सांगितलं म्हणून बरोबर आहे."

"काय फरक पडतो त्याने?"

"दोन कॅप त्याने आवळल्या. आता हे इंजिन चाललं तर कोणाचं चाललं, सांग. सांग ना! तिसरं कोणी नको म्हटलं होतं मी. एवढी एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे. बाकीच्यांचा माझ्यावर विश्वास नाही तो नाही, तू शेजारी बसून बघत होतास रे! सोळाच्या सोळा!"

ती पहिल्यांदाच माझ्यावर ओरडत होती. जिन्यातले दोन दरवाजे उघडले.

दुसऱ्या दिवसापासून तिने ते पूर्ण इंजिन पुन्हा खोलायला घेतलं. पूर्ण. हेड, भांडं, आठही बोल्ट. चूक नव्हती हे माहीत असून. तिने कारखान्यात रजा टाकली. उघडलेली पॅकिंग पुन्हा वापरता येत नाहीत, आणि तेलाच्या भांड्याचं मिळेना, तेव्हा तिने कॉर्कचा जाड कागद आणून कात्रीने ते स्वतः कापलं. मी रोज जायचो. ती म्हणायची, "साखळी ओढायची असेल तेव्हा बोलवीन," आणि मी शेडच्या बाहेर पायरीवर बसायचो. शेवटून दुसऱ्या दिवशी तिने बोलावलं. इंजिन गाडीत उतरवताना ती माझ्याशी दोनच शब्द बोलली, "हळू" आणि "थांब".

शेवटचा दिवस. दुपारी बारापर्यंतची वेळ. रेसर अकरालाच हजर झाला, बरोबर दोन मित्र, आणि बाहेर भंगारवाल्याचा ट्रक उभा करून. भंगारवाला आत येऊन गाडीच्या पुढच्या पत्र्यावर टेकला. ताई वायरी जोडत होती. मान वर न करता म्हणाली, "उठा." तो उठला.

साडेअकराला तिने चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि कार्बोरेटरमधून फाटकन आवाज होऊन जाळ बाहेर आला. मित्र दचकून मागे सरले, मग हसले. रेसर म्हणाला, "अगं, सावर. शेड माझी आहे." पुन्हा चावी, पुन्हा फटाका. ताई खाली उतरली, वही उघडली, ठिणगीच्या वायरी बोटाने एकेक करत मोजल्या. मग म्हणाली, "ठिणगी वाटणारी डबी अर्धा फेरा उलटी बसलीये," असं स्वतःशीच, आणि चारही वायरी काढून पहिली चौथीच्या जागी, दुसरी तिसरीच्या जागी, अशा बदलल्या. तिला घाई नव्हती. घड्याळाकडे मीच बघत होतो, पावणेबारा.

तिसऱ्या वेळी इंजिन लागलं. आधी अडखळत, मग सरळ. आवाज अगदी सुरेल. ताईची नजर तेलाच्या काट्यावर होती. काटा वर चढला आणि तिथेच राहिला. तिने क्लच दाबला, गिअर टाकला, आणि ती नाजूक क्लचवाली गाडी एकही धक्का न खाता शेडमधून बाहेर अंगणात येऊन थांबली. शेजारचं दार तिने आतून उघडून ठेवलं. ते माझ्यासाठी होतं. मी खांद्यावरची बॅग आत सीटवर टाकली.

तेवढ्यात रेसर माझ्याकडे आला. गाडीकडे नाही, ताईकडे नाही, माझ्याकडे. पाठीवर जोरात थाप मारली. "मानलं मेहुणे तुम्हाला! शेवटी करून दाखवलंत. डेपोतली फौज लावली होती ना? मला वाटलंच, हे हिच्या एकटीचं काम नाही."

तिथल्या तिथे त्याच्या कानाखाली जाळ काढायला हवा होता. निदान "नाही" एवढा शब्द. वर्षभर ग्राइंडिंगवाल्यावर, वकिलावर, कंडक्टरवर तोंड वाजवणारा मी, त्या क्षणी गप्प उभा राहिलो. खरं सांगतो, भीती नव्हती. बरं वाटलं. ते दोन मित्र माझ्याकडे कौतुकाने बघत होते, भंगारवाल्याने मान डोलावली, आणि मी हसलो. हसलो! तीन सेकंद असतील, फार तर चार. मग भानावर येऊन मी म्हटलं, "माझा काही संबंध नाही, सगळं हिनेच..." पण ते इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं असेल की नाही, देव जाणे. ताईने बघायचं ते बघून घेतलं होतं.

तिने माझी बॅग उचलून दाराबाहेर जमिनीवर ठेवली, आपटली नाही, नीट ठेवली. दार ओढून घेतलं आणि गेली.

बोलणं तिने तोडलं नाही. घरी येते, चहा पिते, माझ्या बायकोशी गप्पा मारते, माझं काही दुखलंखुपलं तर विचारते. त्या गाडीतून तिने आईला फिरवलं, कारखान्यातल्या सगळ्या बायकांना एकेक करून फिरवलं. ग्राइंडिंगवाल्यालासुद्धा फिरवलं. तो दुकानातून धावत बाहेर आला होता म्हणे, आणि सरळ तिलाच विचारू लागला, टायमिंग किती ठेवलंय, वगैरे. मला मात्र आजतागायत बस म्हणाली नाही. वर्ष होत आलं.

परवा न राहवून मी तिच्या कारखान्यात गेलो. चिडूनच गेलो होतो. म्हटलं, "तो माणूस तुझ्याकडे ढुंकून बघत नव्हता, त्याला गाडीत बसवतेस. आणि मी सख्खा भाऊ, चार सेकंद चुकलो, तर मला ही शिक्षा?"

ताईने हातातलं काम थांबवलं.

"त्याला माहीत नव्हतं, छोट्या," ती म्हणाली. "तुला माहीत होतं."